शंभर गाड्या येतील, पण धावणार कुणासाठी? सोलापूरच्या महापालिका आयुक्तांना खुले पत्र

मा. आयुक्त, सोलापूर महानगरपालिका
मा. परिवहन व्यवस्थापक, सोलापूर महानगरपालिका परिवहन उपक्रम

यांस सविनय नमस्कार.

केंद्र सरकारच्या पीएम ई-बस सेवा योजनेतून सोलापूरला विजेवर चालणाऱ्या १०० बस मंजूर झाल्या. डेपो, चार्जिंग, वीजजोडणी यांवर बोलणारे पुष्कळ आहेत आणि ते बोलतच राहतील. मला विचारायचंय ते वेगळं. या गाड्या कुठून कुठे जाणार, पहिली किती वाजता सुटणार, तिकीट किती असणार आणि पास कसला मिळणार, हे कोण ठरवतंय? आणि ठरवताना समोर कोण बसलंय?

मी पूर्व भागातल्या एका टॉवेल कारखान्यात हजेरी आणि पगाराचा हिशेब लिहिते. त्यामुळे माझं म्हणणं हजेरीच्या वहीतून येतं. कोण कुठून येतं, कोणाची अर्धी हजेरी का लागली, कोणी बुधवारी उचल मागितली, हे सगळं त्या वहीत असतं. (पाणी सुटायच्या दिवशी बायकांची हजेरी कमी असते, हेही असतं. या शहरात पाणी वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआड येत आलं, त्याची किंमत कुणाच्या पगारातून गेली ते बघायचं असेल तर कुठल्याही कारखान्याची वही उघडा. पण तो विषय वेगळ्या पत्राचा.)

आता थोडं कुंभारीबद्दल. अक्कलकोट रोडला, आपल्या हद्दीच्या बाहेर, २००६ मध्ये गोदूताई परुळेकर विडी कामगार घरकुलाची दहा हजार घरं उभी राहिली. त्याच्या जोडीला रे नगर आलं. ३० हजार घरांचा प्रकल्प. पहिल्या १५ हजार घरांच्या चाव्या १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते दिल्या. विडी वळणाऱ्या, यंत्रमागावर काम करणारे, मागासाठी सुताची कांडी भरणाऱ्या, शिलाई करणारे, कचरा वेचणारे, असे सगळे असंघटित कामगार तिथले मालक झाले. साखर पेठेत, भद्रावती पेठेत दहा बाय दहाच्या भाड्याच्या खोलीत आयुष्य काढलेल्या माणसाला स्वतःचं दार मिळालं. त्यासाठी ज्यांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, त्यांचं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे.

पण घर कुंभारीला गेलं आणि काम राहिलं शहरात. यंत्रमाग नीलम नगरात, एमआयडीसीत. विडीचा माल जमा करायचा शहरातल्या कारखान्याच्या ब्रँचमध्ये. दवाखाना म्हणजे सिव्हिल. रेशनचा, आधारचा, पेन्शनचा घोळ निस्तरायचा तर पुन्हा शहरात. पूर्वी ज्या गोष्टीला बाई चप्पल घालून दहा मिनिटांत जाऊन यायची, तिला आता सीटची रिक्षा लागते. ही रिक्षा सीट भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरल्यावर कशी हलते ते आपण अशोक चौकात पाहिलं असेलच.

हिशेब मांडून दाखवते. समजा जाऊन-येऊन दिवसाला चाळीस रुपये गेले. सव्वीस दिवस काम लागलं तर महिन्याचे १,०४० रुपये. नवराबायको दोघं कामाला असतील तर २,०८०. पेठेतल्या खोलीचं भाडं वाचलं म्हणून जो आनंद झाला होता, त्यातला मोठा वाटा रिक्षात गेला. आणि हे मोठ्यांचं झालं. पोरगी अकरावीला शहरातल्या कॉलेजला असेल तर घरात बसून एकच हिशेब होतो, कुणाचं जाणं थांबवायचं. तो हिशेब बहुतेक वेळा पोरीवरच येऊन थांबतो.

म्हणून माझी पहिली मागणी अशी आहे. शंभरातल्या पहिल्या गाड्या कुंभारी ते शहर या रस्त्यावर लावा. कुंभारी, एमआयडीसी, शांती चौक, अशोक चौक, कन्ना चौक, सिव्हिल, स्टेशन, अशी एक ठाम ओळ. सकाळी पाळीच्या आधी आणि संध्याकाळी पाळी सुटल्यावर दर दहा मिनिटांना गाडी, दुपारी विरळ केली तरी चालेल. विजापूर रोड आणि जुळे सोलापूरला गाड्या नकोत असं मी म्हणत नाही. त्या भागात धुणीभांडी करायला जाणाऱ्या बायका आमच्याच वस्तीतल्या. पण आजवरच्या फेऱ्या मुख्यतः स्टँड, स्टेशन आणि बाजारपेठ यांच्याभोवती आखल्या गेल्या, आणि पूर्व भागातून होटगी रोडला जायचं तर गाडी बदलायची म्हणजे दोन तिकिटं काढायची. एका तिकिटावर दीड-दोन तासांत गाडी बदलता आली तर यातल्या कितीतरी बायकांचा खर्च निम्म्यावर येईल. ई-तिकिटाच्या यंत्राला हे अवघड नाही.

कुंभारी हद्दीबाहेर आहे, हे उत्तर मला माहीत आहे. परिवहनच्या गाड्या आधीपासून हद्दीबाहेरच्या गावांना जात आल्या आहेत. एसटीशी बोलावं लागेल, परवान्याचं बघावं लागेल, ते बघा. १९९२ च्या हद्दवाढीनं शहर एकदम १७८ चौरस किलोमीटरचं झालं, तेव्हा बाळे, केगाव, शेळगी, मजरेवाडी एका रात्रीत शहर झाले आणि तिथल्या लोकांना पुढे किती वर्षं बसची वाट बघावी लागली ते त्यांना विचारा. माणसं हद्द बघून राहायला जात नाहीत.

दुसरी मागणी पासची. यात मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण हे सगळ्यात स्वस्तात होण्यासारखं आहे.

महिन्याचा पास पगारदार माणसासाठी ठीक आहे. त्याच्या खात्यात एक तारखेला पैसे येतात, तो दोन तारखेला पास काढतो. आमच्याकडे आठवड्याचा पगार असतो. माल कमी असेल, वीज गेली असेल, सूत आलं नसेल, तर आठवडाही पुरा भरत नाही. विडीवाल्या बाईला हजार विड्यांमागे मजुरी, त्यातही छाट (खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्या) निघाली की कमी. अशा माणसाकडे एकदम चार-पाचशे रुपये कधी असतात? पगाराच्या दिवशी असतात, आणि त्याच दिवशी किराणावाला, बचत गटाचा हप्ता, शाळेची फी सगळे दारात असतात. मग महिन्याचा पास कितीही स्वस्त करा, तो घेणारा गरीब नसतो. गरीब माणूस रोजचं सुटं तिकीट काढतो आणि त्याच प्रवासाला पासवाल्यापेक्षा जास्त पैसे मोजतो. हा उलटा न्याय आपल्या एका परिपत्रकानं सुधारेल.

सात दिवसांचा पास द्या. कुठल्याही वारापासून सुरू होणारा. किंमत अशी असावी की चार दिवस गेलं-आलं की पैसे वसूल व्हावेत, कारण आमचा आठवडा कधी चार दिवसांचाही असतो. तो कंडक्टरकडेच गाडीत मिळाला पाहिजे. सात रस्त्याच्या डेपोत जाऊन, फॉर्म भरून, दोन फोटो आणि आधारची झेरॉक्स देऊन पास काढायचा म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी. ज्या सवलतीसाठी मजुरी बुडवावी लागते ती सवलत माझ्या वहीत कुणाच्याच नावावर दिसत नाही.

आणि कृपा करून हे सगळं मोबाईलच्या ॲपवर टाकून मोकळे होऊ नका. घरात एक स्मार्टफोन असतो, तो पोराकडे असतो. कार्ड द्या, रोखीनं भरता येईल असं. ज्याला यूपीआय करायचंय तो करेल, त्यानं सुट्ट्या पैशांची भांडणंही कमी होतील. पण रोख बंद करू नका.

महिलांच्या सवलतीबद्दल. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. अक्कलकोटला दर्शनाला जाणारी बाई अर्ध्या तिकिटात जाते. पण राज्य सरकारची ही योजना एसटीपुरती आहे. शहराच्या बसमध्ये तशी सवलत द्यायची तर पैसा पालिकेनं उभा करायचा. बरं, देवदर्शन वर्षातून चारदा होतं, कामावर रोज जावं लागतं. ठाण्याच्या परिवहननं २०२४ पासून महिलांना अर्धं तिकीट आणि साठीच्या पुढच्यांना मोफत प्रवास दिला. आपल्या शेजारी कर्नाटकात ११ जून २०२३ पासून तिथल्या बायकांना साध्या सरकारी बसमध्ये पैसे पडत नाहीत, शहराच्या गाड्यांतही नाही. तेलंगणात त्याच वर्षी ९ डिसेंबरपासून तेच. पूर्व भागातल्या निम्म्या घरांची सोयरीक तेलंगणात, उरलेल्यांची विजापूर-गुलबर्ग्याकडे. माहेरी गेलेली बाई परत येऊन विचारते, तिकडं फुकट, हितं का नाही ओ? मी काय उत्तर देऊ?

मोफतच करा असा माझा आग्रह नाही, खरं सांगायचं तर. मला वाटतं आपल्याकडे आधी गाडी येणं महत्त्वाचं. फुकट पण तासाभरानं येणाऱ्या गाडीपेक्षा दहा रुपयांची, वेळेवर येणारी गाडी कामगाराला जास्त उपयोगाची. पाळी आठला सुरू होते. सव्वाआठला पोचलेल्याची अर्धी हजेरी मालक कापतो आणि ती मलाच लिहावी लागते. म्हणून सवलतीचा पैसा आणि फेऱ्यांचा पैसा यांत निवड करायची वेळ आली तर आधी फेऱ्या वाढवा. पण महिलांचं अर्धं तिकीट राज्यानं शहरांच्या बसलाही लागू करावं, एवढा प्रस्ताव आपण मंत्रालयात पाठवा. तो पाठवायला काही खर्च नाही. सोलापूरनं पुढाकार घेतला तर राज्यातल्या बाकी महापालिकाही मागे येतील.

आता पैशांचं. परिवहन तोट्यात आहे, हे आम्ही लहानपणापासून ऐकतोय. केंद्राच्या नेहरू नागरी पुनर्निर्माण अभियानातून आलेल्या गाड्यांच्या चेसीला, म्हणजे खालच्या सांगाड्याला, तडे गेले, गाड्या डेपोत उभ्या राहिल्या, प्रकरण वादात गेलं. कर्मचाऱ्यांचे पगार थकले, त्यांनी आंदोलनं केली. गाड्या कमी झाल्या म्हणून लोक रिक्षाकडे, दुचाकीकडे गेले आणि लोक गेले म्हणून तोटा वाढला. यात प्रवाशांनी काय चूक केली होती?

ई-बसचं गणित मात्र वेगळं आहे आणि ते आपल्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. गाड्या ठेकेदाराच्या, चालक त्याचा, पालिका त्याला किलोमीटरमागे पैसे देणार. त्यात केंद्र सरकार मोठ्या १२ मीटरच्या बसला किलोमीटरमागे २४ रुपये, ९ मीटरच्या बसला २२ आणि ७ मीटरच्या बसला २० रुपये मदत देणार. तिकिटाचे पैसे पालिकेकडे. म्हणजे गाडी रिकामी धावली काय आणि भरून धावली काय, ठेकेदाराला द्यायची रक्कम तीच. मग तिकीट चढं ठेवून अर्धी रिकामी गाडी फिरवण्यात काय हशील? तिकीट उतरवून गाडी भरली तर तेवढ्याच खर्चात दुप्पट माणसं जातील.

मुंबईत बेस्टनं ९ जुलै २०१९ ला किमान भाडं आठ रुपयांवरून पाच केलं आणि प्रवासी धडाधड वाढले. पुढे बेस्टचा तोटाही वाढत गेला आणि मे २०२५ मध्ये किमान भाडं दहा रुपये करावं लागलं, हेही सांगायला हवं. कारण भाडं उतरवलं पण त्याच्या मागे दरवर्षी किती पैसे कुणी द्यायचे हे बांधून घेतलं नव्हतं. आपण तेवढं बांधून घ्या. अंदाजपत्रकात परिवहनसाठी स्वतंत्र रक्कम, ती दर महिन्याला ठरल्या तारखेला वर्ग व्हावी, आयुक्त बदलले तरी.

पैसे नाहीत असं म्हणाल, तर एक आकडा आठवण म्हणून सांगते. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं सोलापूरहून पुण्या-मुंबईच्या विमानसेवेला एका आसनामागे ३,२४० रुपये तूट भरून द्यायचं ठरवलं. विमान आलं याचा मलाही आनंद आहे. होटगी रोडवरून उडताना पोरं गच्चीवर जाऊन बघतात. पण एका माणसाच्या एका उड्डाणाला सरकार जेवढे घालतं, तेवढ्यात दिवसाला दहा रुपये टेकू दिला तर एका कांडीवालीचा वर्षभराचा बसप्रवास निघतो, आणि वर बारा दिवसांचे पैसे उरतात. सव्वीस दिवस धरून, बारा महिन्यांचे ३१२ दिवस. गुणून बघा. दोन उड्डाणपुलांच्या भूसंपादनासाठी पालिका पैसे उभे करू शकते, तर याच्यासाठीही करू शकेल.

कायद्यानं शहर बस चालवणं हे पालिकेचं सक्तीचं काम नाही, महापालिका अधिनियमाच्या कलम ६६ मधलं, म्हणजे जमलं तर करायचं काम आहे. बरोबर. पण मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर पुढे तीन वर्षांहून जास्त काळ सगळे निर्णय प्रशासकांनीच घेतले. इतकी ऐच्छिक कामं तेवढ्या काळात झाली, तर ही एक का मागे राहावी?

गाडीत चढण्याबद्दल थोडं. सरकारच्या शहर बसच्या मानकांत तळाची उंची ४०० मिलिमीटर, ६५० मिलिमीटर आणि ९०० मिलिमीटर अशी येते. नऊशे म्हणजे जवळजवळ तीन फूट. आयुष्यभर मांडी घालून सूप मांडीवर घेऊन विडी वळलेल्या बाईचे गुडघे पन्नाशीत काय अवस्थेत असतात ते बघायचं असेल तर सिव्हिलच्या बाह्यरुग्ण विभागात एक सकाळ बसा. तिला तीन फुटांवर चढणं म्हणजे कुणीतरी वर ओढणं आणि कुणीतरी खालून ढकलणं. खालच्या तळाच्या गाड्या मागा, ठेक्यात तसं लिहा. अपंगांसाठी २०१६ चा कायदा आहेच, त्यात सार्वजनिक वाहतूक त्यांना वापरता येईल अशी करणं सरकारवर बंधनकारक आहे. रॅम्प गाडीला असतो पण थांबा रस्त्याच्या कडेला गटारीवर असतो, मग रॅम्प उघडायचा कुठे? थांब्याचा ओटा आणि गाडीचं दार एका मापाचं हवं.

सगळ्या मोठ्या गाड्या घेऊ नका, हेही सांगते. कन्ना चौकात, मधल्या मारुतीजवळ बारा मीटरची बस वळवायची म्हणजे अर्धा तास शहर बंद. पेठांत सात आणि नऊ मीटरच्या, जास्त वेळा.

ओझ्याचं तिकीट काढू नका. पहाटे मार्केट यार्डातून भाजीची पाटी घेऊन निघालेली बाई गाडीत शिरली की कंडक्टरही वैतागतो आणि प्रवासीही. त्यातून ती रिक्षाच करते. दाराजवळच्या दोन सीट काढून तिथे पाट्या, टोपल्या, टॉवेलचे गठ्ठे ठेवायला जागा केली तर भांडणच संपेल. व्हीलचेअरवाला आला तर तीच जागा त्याची. आणि भाजीवालीसाठी पहिली गाडी पहाटे पाचच्या आत सुटली पाहिजे.

पाट्यांवर नंबर मोठा लिहा. या शहरात घरात तेलुगू, शेजारी कन्नड, मोहल्ल्यात उर्दू आणि दुकानात मराठी चालते, आणि माझ्या ओळखीच्या कितीतरी म्हाताऱ्यांना यातली एकही लिपी वाचता येत नाही. आकडा सगळ्यांना कळतो. प्रत्येक ओळीला रंग दिला तर आणखी सोपं. एप्रिल-मेमध्ये इथं पारा ४३ च्या वर जातो, तेव्हा थांब्याला छप्पर हवं. काचेचं, चकचकीत, जाहिरातीसाठी उभं केलेलं नको, सावली पडेल असं हवं. रात्री थांब्यावर दिवा हवा. रात्रपाळीला जाणारी, सिव्हिलमध्ये रुग्णाजवळ बसून परतणारी माणसं नऊ-दहालाही असतात. शेवटची गाडी साडेआठला गेली की बायकांनी कामच मागू नये असा त्याचा अर्थ होतो.

मार्ग आणि भाडं ठरवण्याआधी सुनावणी घ्या. हरकती-सूचना मागवल्याची जाहिरात वर्तमानपत्रात देऊन, कामाच्या दिवशी सकाळी अकराला इंद्रभवनात, पालिकेच्या मुख्य इमारतीत, बैठक ठेवली तर तिथे कोण येणार? पगार न बुडणारेच येणार. संध्याकाळी पाळी सुटल्यावर रे नगरात ठेवा, दुसरी नीलम नगरात, तिसरी जुळे सोलापूरला ठेवायची असेल तर तीही ठेवा. तेलुगू आणि कन्नड बोलणारा एक-एक कर्मचारी सोबत आणा. बायका पहिल्यांदा बोलणार नाहीत, मग एकदम सगळ्या बोलतील, त्याची तयारी ठेवा. शक्य असेल तर रे नगरातल्या बैठकीनंतर आपण कुंभारीहून शहरात परत जाताना मिळेल त्या वाहनानं जा, सरकारी गाडी पुढे पाठवून द्या.

तारीख कळवलीत तर कारखान्यातल्या फळ्यावर मी स्वतः लिहीन. बाकीच्या कारखान्यांतल्या हिशेबनीसांनाही सांगेन, आमची ओळख असते.

आपली नम्र,
पूर्व भागातली एक हिशेबनीस
सोलापूर